शाळा सकाळची, भाषा दुपारची

ग्वाटेमालातल्या अँतीग्वा गावात सकाळी आठला एखाद्या स्पॅनिश शाळेत शिरलात, तर तुम्हाला वर्ग दिसणार नाही. जुनं कौलारू घर, मध्ये चौक, चौकात चार झाडं आणि पडवीत ओळीनं मांडलेली छोटी टेबलं. प्रत्येक टेबलाशी खुर्च्या दोनच, एक शिक्षिकेची आणि एक विद्यार्थ्याची. चार-पाच तास हे दोघं समोरासमोर बसून बोलतात. मध्ये कॉफीपुरती सुट्टी होते. दुपारी टेबलं रिकामी होतात आणि विद्यार्थी ज्या कुटुंबात उतरलेला असतो तिथे जेवायला जातो.

एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक ही चैन इथे परवडते, कारण ग्वाटेमालात शिक्षकाला मिळणारा मोबदला कमी आहे. ते कारण फारसं अभिमानास्पद नाही. पण या पद्धतीमागे एक चांगली गोष्टही आहे. 1969 मध्ये अँतीग्वात प्रोयेक्तो लिंग्विस्तिको फ्रान्सिस्को मार्रोकिन ही संस्था उभी राहिली. तिचं मूळ काम होतं माया भाषांच्या अभ्यासाचं. परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवून येणारा पैसा त्या कामाला लागे. पुढे गावात अशा शाळांची रांगच लागली. आज जगभरातून लोक इथे आठवड्याच्या बोलीवर शिकायला येतात. नोकरीतून महिनाभर रजा काढलेल्या आणि मनापासून शिकू पाहणाऱ्या मोठ्या माणसाला, तेवढ्या पैशात याहून चांगली सोय दुसरीकडे मिळणं अवघड आहे.

पण सात वर्षांच्या मुलाचं काय? अनोळखी बाईसमोर चार तास खुर्चीवर बसणं त्याच्यासाठी शिक्षाच. परदेशात राहून स्पॅनिश शिकायचं ठरवणारी कुटुंबं बहुधा इथेच गोंधळतात. आईवडील मोठ्यांच्या नजरेनं शाळा पारखतात. अभ्यासक्रम कोणता, शिक्षकांच्या पदव्या काय, प्रमाणपत्र मिळतं का, असं विचारत बसतात. मूल मात्र भाषा उचलतं ती दुसऱ्या मुलांकडून, खेळताना. म्हणून माझ्या मते शाळेला पत्र लिहिताना पहिला प्रश्न शाळेबद्दलचा नसावा. आमचं मूल दुपारी एकनंतर कुणाबरोबर असेल, हे आधी विचारावं. या प्रश्नाला नीट उत्तर देणारी साधी शाळा चकचकीत शाळेपेक्षा बरी.

आधी एक गैरसमज दूर करू. लहान मुलं भाषा पटकन उचलतात, असं आपण सगळेच सर्रास म्हणतो. 1978 मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियन हूफनागल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक डच भाषा शिकवणीतून नव्हे, शाळेत, कामावर, शेजारीपाजारी वावरताना शिकत होते. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगानं पुढे गेली ती 12 ते 15 वर्षांची मुलं आणि मोठी माणसं. वर्षाअखेरीस 8 ते 10 आणि 12 ते 15 हे दोन गट पुढे होते. सगळ्यात मागे राहिली ती 3 ते 5 वर्षांची मुलं. लहानग्यांचा फायदा दिसतो तो लांबच्या पल्ल्यात, विशेषतः उच्चारांत. म्हणजे महिन्याभराच्या मुक्कामात नववीतली ताई बालवाडीतल्या भावाला सहज मागे टाकेल. तसं झालं तर धाकट्याचं काही बिघडलेलं नसतं.

त्यात आणखी एक भर. परक्या भाषेत जाऊन पडलेलं लहान मूल अनेकदा काही आठवडे बोलतच नाही. ऐकतं, बघतं, इतरांसारखं करतं, पण तोंड उघडत नाही. कधी हा काळ महिन्यांवर जातो. तीन आठवड्यांचा मुक्काम ठरवला, तर तोंड उघडायच्या सुमारालाच परतीचं विमान येतं. आईवडिलांना वाटतं पैसे वाया गेले. मग ते सगळ्यांसमोर 'म्हणून दाखव ना' असा लकडा लावतात आणि मूल आणखी गप्प होतं.

'इमर्शन', म्हणजे भाषेत बुडवून शिकवणं, हे नाव ज्या प्रयोगामुळे शिक्षणात रुजलं, तो प्रयोग आठवड्यांचा नव्हताच. 1965 मध्ये कॅनडात क्वेबेकमधल्या सेंट लॅम्बर्टला इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत त्याच धर्तीवर स्पॅनिशचा वर्ग निघाला. दोन्हीकडे मुलं वर्षानुवर्षं रोज त्या भाषेतून गणित आणि विज्ञान शिकत होती. आता माहितीपत्रकं दोन आठवड्यांच्या सहलीलाही तेच नाव देतात. हिशेब करून बघा. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज असा, की इंग्रजी भाषिक अधिकाऱ्याला कामापुरतं स्पॅनिश येण्यासाठी वर्गातले सुमारे 600 ते 750 तास लागतात. रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस, असे चार आठवडे धरले तर होतात 80 तास. एवढ्यात मोठा माणूस बाजारहाट करण्याइतका तयार होतो. मुलाचा कान बसतो आणि ही भाषा बोलून कुणाशी तरी दोस्ती करता येते, हे त्याला कळतं. मला तेवढंही थोडं वाटत नाही, पण पैसे भरण्यापूर्वी ते ठाऊक असावं.

आता गावाकडे वळू, कारण दुपार शेवटी गावावरच ठरते. स्पॅनिश भाषिक देशातलं प्रत्येक अंगण स्पॅनिश बोलतंच असं नाही. ग्वाटेमालात 22 माया भाषा आहेत. आतित्लान तलावाच्या काठी सान पेद्रो ला लागुना नावाचं गाव आहे. देखणं, स्वस्त, आणि स्पॅनिश शाळांनी भरलेलं. पण तिथल्या गल्लीत गोट्या खेळणारी पोरं आपसात त्सुतुहिल बोलतात. स्पॅनिश त्यांच्यासाठी शाळेतली भाषा. मराठी शिकायला आलेला पाहुणा भामरागडला उतरला, तर त्याला मुलांच्या तोंडून आधी माडिया ऐकू येईल, तसंच हे. बार्सेलोनाचं नाव मोठं, पण तिथल्या सरकारी शाळांचं माध्यम मुख्यतः कातालान आहे. मोठ्या विद्यार्थ्याला याची अडचण होत नाही, शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलाला होते.

दुसरा अडथळा इंग्रजीचा. मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेन्देत निवृत्त अमेरिकनांची मोठी वस्ती आहे. कोस्टा रिकाच्या समुद्रकाठच्या गावांत लाटांवर फळी घेऊन झेपावणारे पर्यटक इतके, की दुकानदार तुमचा चेहरा बघूनच इंग्रजीत सुरू होतो. तिथे सुट्टी छान जाते, भाषा मात्र मागे राहते. कोस्टा रिकालाच जायचं असेल तर राजधानीजवळचं हेरेदिया बघा. समुद्र नाही म्हणून मुलं कुरकुरतील, पण शेजारी मुलं असतील. अँतीग्वातही पर्यटक पुष्कळ आहेत. तिथून काही तासांवरचं केत्सालतेनांगो, ज्याला सगळे 'शेला' म्हणतात, त्या मानानं रुक्ष आणि थंड. उंची सुमारे 2,330 मीटर. अँतीग्वा साधारण 1,500 मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडं वर. शेलात पर्यटक कमी, म्हणून इंग्रजी कमी. तिथल्या काही शाळा शिक्षकांनी मिळून सहकारी तत्त्वावर चालवल्या आहेत. तुमच्या फीमधला किती वाटा शिकवणाऱ्याच्या हातात पडतो, हा प्रश्न तिथे मोकळेपणानं विचारता येतो, आणि तो कुठेही विचारावाच.

स्पेनमध्ये मला दुपारपेक्षा संध्याकाळ महत्त्वाची वाटते. सालामांका घ्या. विद्यापीठ 1218 सालचं, गाव विद्यार्थ्यांनी भरलेलं, इथली स्पॅनिश प्रमाण मानली जाण्याची ख्याती. मुलाला त्या ख्यातीशी काही देणंघेणं नाही. त्याच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे तिथले चौक. सहानंतर आजीआजोबा, आया, बाबागाड्या, सगळे बाहेर पडतात. मोठी माणसं कॅफेच्या खुर्च्यांवर गप्पा मारत बसतात आणि मुलं मध्ये चेंडू घेऊन धावतात. मे महिन्यात रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि जेवणं त्याच सुमाराला. रोज त्याच चौकात, त्याच वेळी, चेंडू घेऊन गेलात तर दोन-चार दिवसांत मुलाला कुणीतरी खेळात घेतं. चेंडू आपला असावा. कुठल्याही शिकवणीपेक्षा या गुंतवणुकीवर माझा जास्त विश्वास आहे. म्हणून राहायची जागा शाळेजवळ न घेता अशा चौकाजवळ घ्या. मोठ्यांनी सकाळी पंधरा मिनिटं जास्त चालावं.

वेळ कोणती, हेही गावाइतकंच महत्त्वाचं. महाराष्ट्रातली मे महिन्याची सुट्टी स्पेन आणि मेक्सिको या दोन्ही देशांच्या चालू शाळांच्या काळात येते. स्पेनमधली शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत चालते, मेक्सिकोतली जुलैपर्यंत. म्हणजे सकाळी तिथली मुलं शाळेत आणि तुमची शिकवणीत. स्पेनमध्ये बऱ्याच प्राथमिक शाळा नऊ ते दोन असतात, त्यामुळे वेळापत्रक जुळतं. ग्वाटेमालात शालेय वर्ष जानेवारी ते ऑक्टोबर. मेमध्ये तिथे पावसाळा लागतो, पण सकाळ बहुधा कोरडी जाते आणि सरी दुपारी येतात. ग्वाटेमालासाठी मला दिवाळीची सुट्टी जास्त पसंत आहे. पाऊस सरलेला असतो, तिथल्या मुलांची मोठी सुट्टी लागलेली असते, आणि 1 नोव्हेंबरला अँतीग्वाजवळच्या सुम्पांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या गावांत कागदाचे अवाढव्य पतंग उभारतात. ते बघितलेलं मूल पतंगाचा स्पॅनिश शब्द विसरणार नाही.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मुलांना स्पॅनिश बहुधा शाळेतच लागलेलं असतं आणि सुट्टी जून ते ऑगस्ट. त्यांनी स्पेनला जुलैत जावं. ऑगस्टमध्ये नको. तेव्हा शहरातले रहिवासी स्वतःच समुद्रावर किंवा आजोळी गेलेले असतात, दुकानांना टाळी आणि चौकात पर्यटक. जुलैत मात्र नगरपालिका, शाळा आणि क्रीडा संस्था स्थानिक मुलांसाठी दिवसाची शिबिरं भरवतात. त्यांना 'काम्पामेंतो उर्बानो' म्हणतात. नोकरी करणाऱ्या स्पॅनिश आईवडिलांची ती सोय. भाषा शाळाही मुलांची शिबिरं घेतात, पण तिथे येतात जर्मन, डच, ब्रिटिश मुलं. सकाळी दोन तास स्पॅनिश, उरलेला दिवस सगळ्यांची मिळून इंग्रजी. दहा-अकरा वर्षांच्या धीट मुलाला मी बेलाशक नगरपालिकेच्या शिबिरात घालीन. भाषा शाळेला विचारा, तुम्ही अशा शिबिरात नाव नोंदवून द्याल का? हो म्हणणारी शाळा मुलांचं काम जाणते.

'कुटुंबांसाठी खास' असं लिहिलेलं असतं तिथे थोडं खोदून विचारा. बरेचदा तो मोठ्यांचाच अभ्यासक्रम असतो, सोबत रंगीत खडू. लहान मुलांना कोण शिकवणार आणि त्या शिक्षिकेनं आधी लहानांना शिकवलं आहे का, हे नावानिशी ठरवून घ्या. आठ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला दोन तास पुरेत आणि त्यातला अर्धा वेळ टेबलाबाहेर जावा. बाजारात जाऊन हातात केत्साल घेऊन, म्हणजे ग्वाटेमालाचं चलन, आंबे विकत घेणं हा उत्तम धडा आहे. प्रमाणपत्रांबाबत एवढंच पुरे. स्पेनमध्ये इन्स्टिट्यूटो सेर्वान्तेस शाळांना मान्यता देते आणि तिच्या 'देले' परीक्षेची 11 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. किशोरवयीन मुलाला परीक्षेचं निमित्त हवं असेल तर ती बरी. दिल्लीतही या संस्थेचं केंद्र आहे.

बरोबर भावंडं असतील तर खरी गळती तिथेच होते. ती दिवसभर एकमेकांशी बोलतात आणि तिसऱ्या कुणाची गरजच उरत नाही. त्यांना वेगवेगळे शिक्षक द्या, जमलं तर शिबिरातही वेगळे गट. पण रात्री खोलीत मराठी बोलायला बंदी घालू नका. मराठीनं स्पॅनिशचं काही बिघडत नाही, कारण गावात दुसरं कुणी मराठी बोलणारं नाही. बंदी घालायचीच तर इंग्रजीवर घाला. अडलं की सगळे जिथे पळून जातात ती वाट इंग्रजीची. शिवाय शिक्षिकेला सांगून ठेवा की मुलांची घरची भाषा मराठी आहे. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात आवडणारी वस्तू कर्ता असते, आणि स्पॅनिशची रचनाही तशीच आहे. इंग्रजी भाषिकांना हे समजावण्यात शिक्षकाचे तास जातात. मराठी मुलाला ते समजवावं लागत नाही. त, द हे उच्चारही आपले दाताशी, त्यांचेही दाताशी.

कुटुंबात राहायचं असेल तर आणखी काही चौकशी करावी लागते. त्या घरी मुलं आहेत का आणि कुठल्या वयाची? इतर परदेशी विद्यार्थी राहतात का? घरात दुसरे तीन अमेरिकन पाहुणे असतील तर जेवणाच्या टेबलावर इंग्रजीच चालणार. ग्वाटेमालात बहुतेक घरी रविवार सोडून तिन्ही वेळचं जेवण मिळतं. काळ्या घेवड्याची उसळ, मक्याची तोर्तीया, अंडी, तळलेली केळी, चीज. शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही, पण बोलताना नेमकं बोला. मांस खात नाही एवढंच सांगितलं तर ताटात कोंबडी येऊ शकते, कारण त्यांच्या बोलण्यात मांस म्हणजे मुख्यतः गाई-डुकराचं. कोंबडी नको, मासे नकोत, भाताला कोंबडीचं पाणी नको, घेवड्याला डुकराची चरबी नको, असं एकेक करून लिहून द्या. हे पत्र शाळेमार्फत आधीच पाठवा. यजमान बाईला पहिल्या दिवशी अवघडवण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं आणि तब्येतीचं थोडक्यात सांगतो. इक्वाडोर, पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया, अर्जेंटिना या देशांतून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. मेक्सिको, ग्वाटेमाला, स्पेन यांना ही भानगड नाही. पेरूमधलं कुस्को 3,400 मीटरवर, इक्वाडोरमधलं कीतो 2,850 मीटरवर. लहान मुलांना घेऊन थेट एवढ्या उंचीवर उतरू नका. अँतीग्वाजवळचा फुएगो ज्वालामुखी जागा आहे. 3 जून 2018 च्या उद्रेकात त्याच्या उतारावरच्या वस्तीत शेकडो माणसं गाडली गेली. अँतीग्वा त्यातून वाचलं, तरी ज्वालामुखीच्या चढाईवर मुलांना नेऊ नका. मेक्सिकोला भारतीय पासपोर्टवर जाताना चालू अमेरिकी व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. स्पेनला शेंगेन व्हिसा, 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा. एकटीच आई किंवा एकटाच बाबा मुलाला घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर ठेवा. मुलाला काही महिन्यांसाठी तिथल्या शाळेत घालायचं असेल तर जन्मदाखल्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का, करून घ्या. भारत 2005 पासून अपोस्टीलच्या करारात आहे.

माझी निवड विचारलीत तर, दहा वर्षांखालच्या मुलांसह पहिल्या खेपेला सालामांका किंवा तसंच चौकांचं मध्यम आकाराचं स्पॅनिश गाव. पैसा बेताचा आणि मुलं बारा-चौदाची असतील तर ग्वाटेमाला, त्यातही शेला. वेळ दोनच आठवडे आणि मूल पाच वर्षांखालचं असेल तर भाषेच्या नावाखाली जाऊच नका, सरळ सुट्टी घालवायला जा. आणि कुठेही गेलात तरी महिन्याचे पैसे एकदम भरू नका. अँतीग्वा-शेलातल्या शाळा आठवड्याच्या हिशेबानं चालतात आणि शिक्षक जमला नाही तर सोमवारी दुसरा मिळू शकतो. पहिल्या आठवड्यापुरतेच पैसे भरा, शुक्रवारी मुलांना विचारा, आणि मग पुढचं ठरवा.